संगणकातल्या संगीताला बोटांचा ताबा

भंडारा : दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि त्यापाठोपाठ नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात रात्रभर रंगणाऱ्या या प्रयोगांना ऑर्गन आणि तबल्याची जिवंत साथ लागते. मराठी संगीत रंगभूमीवर रुळलेला पायाचा ऑर्गन हे मोठे शहाणे वाद्य होते. पायाने भाता चालवायचा, दोन्ही हात स्वरपट्ट्यांवर ठेवायचे आणि आवाज चढवायचा झाला तर खाली बसवलेली दांडी गुडघ्याने बाजूला रेटायची. गायकाने तान उचलली की वादकाचा गुडघा आपोआप हलत असे. त्यासाठी एकही बोट स्वरावरून उचलावे लागत नसे.

आता याच भागातील तरुण वादक आणि हौशी ध्वनिमुद्रक लॅपटॉपवर गाणी बांधतात. त्या संगणकात शेकडो वाद्ये असतात, पण त्यांना हात लावायचा मार्ग एकच, तो म्हणजे माउस. आवाज कमी करायचा, घुमारा वाढवायचा, स्वराची धार बोथट करायची, तर प्रत्येक वेळी पडद्यावरचे चिमुकले चित्र शोधून त्यावर बाण नेऊन ठेवावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट हलते, आणि तीही डोळ्यांनी पाहून. ही अडचण दूर करण्यासाठी मिडी नॉब कंट्रोलर नावाची पेटी मिळते. किंमत काही हजार रुपये. ती विकत घेणे सोपे, मात्र ती संगणकाशी नीट जुळवून घेणे हे अनेकांना वाटते तितके सोपे नसते. न जुळल्यामुळे महिनाभरात कपाटात गेलेल्या पेट्यांची संख्या थोडी नसावी.

आवाज नव्हे, आकडे

पेटी दिसायला घरच्या ऍम्प्लिफायरच्या दर्शनी भागासारखी असते. आठ, सोळा किंवा चोवीस नॉब, कधी सोबत काही सरकते फेडर, आणि मागे यूएसबीची एक वायर. नेमक्या या साधर्म्यामुळेच पहिला गैरसमज होतो. ऍम्प्लिफायरचा नॉब फिरवला की त्यातून वाहणारा ध्वनिसंकेतच कमी-जास्त होतो. मिडी नॉबमधून आवाज जातच नाही. त्याला ध्वनीचा पत्ताही नसतो. तो फिरवला की संगणकाकडे तीन आकड्यांचा एक निरोप जातो : कोणत्या वाहिनीवर, कितव्या क्रमांकाचा नियंत्रक, आणि आता तो किती अंशावर आहे. ‘पहिली वाहिनी, २१ क्रमांक, मूल्य ९६’, बस्स, एवढेच. या निरोपाचा अर्थ आवाज वाढवणे असा लावायचा की घुमारा वाढवणे असा, हे सर्वस्वी संगणकातील सॉफ्टवेअर ठरवते. नॉबची सारी सोय यातून येते आणि पुढचे सारे घोटाळेही यातूनच.

ही आकड्यांची भाषा नवी नाही. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपापल्या पद्धतीने बोलत असे. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडणे हा खटाटोप होता. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन सर्वांसाठी एकच बोली ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॅम या वाद्य-व्यापार मेळाव्यात स्मिथ यांचा ‘प्रॉफेट ६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर ६’ एका वायरीने जोडून वाजवण्यात आले. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस, म्हणजेच मिडी, ते हेच. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळाले. काकेहाशी २०१७ मध्ये आणि स्मिथ २०२२ मध्ये निवर्तले. त्यांची बोली मात्र आजही जशीच्या तशी चालते आहे.

त्या काळच्या महागड्या चिप आणि संथ वायरी लक्षात घेऊन ही बोली काटकसरीने रचली गेली. मूळ वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे नॉबचा एक निरोप पोहोचायला साधारण एक सहस्रांश सेकंद. आणि प्रत्येक नियंत्रकाला शून्यापासून १२७ पर्यंत, अशा १२८ पायऱ्या. आवाजाच्या पातळीसाठी त्या पुरतात. पण स्वराची धार ठरवणाऱ्या फिल्टरला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा प्रवास करायचा असतो. हे अंतर जवळजवळ दहा सप्तकांचे आहे. दहा सप्तके १२७ पावलांत चालायची, तर एक पाऊल जवळपास एका अर्धस्वराएवढे पडते. म्हणूनच काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नॉब सावकाश फिरवला की आवाज घसरत न जाता जिना उतरल्यासारखा करकरतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पायऱ्यांमधील अंतर आपोआप गुळगुळीत करून घेतले जाते. जानेवारी २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती संमत झाली आणि तीत पायऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. तरी बाजारातील बहुतेक नॉबपेट्या अजून १२८ पायऱ्यांवरच चालतात. दोष पेटीचा समजून ती परत करायला निघण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

अडणारा नॉब की न अडणारा?

भंडाऱ्याच्या ग्राहकाला अशी पेटी घ्यायची तर एकतर साठेक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते किंवा छायाचित्र पाहून इंटरनेटवरून मागवावी लागते. छायाचित्रात सर्व नॉब सारखेच दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या दोन जाती आहेत आणि खरेदीचा खरा निर्णय इथेच होतो.

पहिल्या जातीचा नॉब दोन्ही टोकांना अडतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा. त्यावरची रेघ पाहिली की तो कुठे आहे ते कळते. कॉर्गचा नॅनोकंट्रोल २, अकाईचा मिडीमिक्स, नोव्हेशनचा लाँच कंट्रोल एक्सएल ही या जातीतील परिचित नावे. पहिल्यावर आठ नॉब व आठ फेडर आहेत, उरलेल्या दोहोंवर चोवीस-चोवीस नॉब. दुसऱ्या जातीचा नॉब, ज्याला एन्कोडर म्हणतात, तो अडतच नाही. कितीही वेटोळे घेतो. त्याच्याभोवती बहुधा छोट्या दिव्यांचे कडे असते आणि सध्याचे मूल्य ते दिवे दाखवतात. डीजे टेकटूल्सचा सोळा नॉबचा मिडी फायटर ट्विस्टर किंवा २००० च्या दशकातील बेहरिंगरचा बत्तीस नॉबचा बीसीआर २००० ही याची उदाहरणे.

अडणारा नॉब स्वस्त आणि हाताला नैसर्गिक. न अडणारा महाग, पण एका मोठ्या संकटातून सोडवणारा. ते संकट समजण्यासाठी आधी जोडणी करून पाहावी लागेल.

जोडणी

शक्य तो पेटी आधी जोडावी आणि सॉफ्टवेअर नंतर उघडावे. आजच्या बहुतेक पेट्या वेगळ्या ड्रायव्हरशिवाय संगणकाला ओळखू येतात. ओळखू आली नाही तर पहिला संशय वायरीवर घ्यावा. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही वायरी केवळ वीज नेतात, माहिती नेत नाहीत. पेटीचे दिवे लागतात आणि संगणकाला मात्र गंधवार्ता नसते. दुसरा संशय अन्य सॉफ्टवेअरवर. विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर एक मिडी उपकरण एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला वापरता येत आले आहे. त्यामुळे मागे दुसरे एखादे संगीत सॉफ्टवेअर उघडे राहिले असेल, तर पेटी त्याच्याच ताब्यात राहते.

जोडणी झाली म्हणजे नॉब चालू झाला असे मात्र नाही. सॉफ्टवेअरला या पेटीचे ऐकायला सांगावे लागते. एबलटन लाइव्हमध्ये सेटिंग्जच्या मिडी विभागात उपकरणासमोर ट्रॅक, सिंक आणि रिमोट अशा चौकटी असतात. स्वर वाजवण्यासाठी ट्रॅक, तर नॉबसाठी रिमोट चालू करावी. एफएल स्टुडिओमध्ये एफ १० कळ दाबून येणाऱ्या मिडी सेटिंग्जमध्ये उपकरण निवडून ‘एनेबल’ करावे लागते. रीपरमध्ये उपकरणाला नियंत्रणाचे निरोप स्वीकारण्याची वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि ‘स्वर वाजतात पण नॉब चालत नाही’ ही तक्रार तिथे बहुतेक वेळा या एका परवानगीपाशी येऊन थांबते.

त्यानंतरची पायरी म्हणजे ‘मिडी लर्न’, अर्थात सॉफ्टवेअरला शिकवणे. तत्त्व सगळीकडे एकच : पडद्यावरचे काय हलवायचे ते आधी दाखवायचे, मग हातातील नॉब थोडा फिरवायचा, दोघांची गाठ पडते. एबलटनमध्ये कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की पडद्यावर रंग चढतो, हव्या त्या बटणावर टिचकी मारून नॉब फिरवायचा आणि त्याच कळांनी बाहेर पडायचे. एफएल स्टुडिओमध्ये पडद्यावरील बटणावर माउसची उजवी कळ दाबून ‘लिंक टू कंट्रोलर’ निवडायचे. रीपरमध्ये इफेक्टच्या खिडकीतील ‘पॅराम’ यादीत ‘लर्न’ सापडते. क्यूबेसने २०२२ मधील बाराव्या आवृत्तीपासून यासाठी ‘मिडी रिमोट’ हा स्वतंत्र विभागच दिला आहे. एका नॉबला काही सेकंद लागतात. आठ नॉब शिकवून झाले की विजय मिळाल्यासारखे वाटते, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते.

उडी

समजा, एखाद्या गावच्या मंडईत प्रयोग सुरू आहे. पहिल्या पदात ऑर्गनच्या आवाजाचा नॉब वादकाने पूर्ण उघडला, मूल्य १२७. पद संपले. दुसऱ्या पदाची फाइल उघडली, तीत ऑर्गन मंद ठेवलेला, मूल्य ४०. सॉफ्टवेअरने ४० मानले, पण हातातील नॉब जिथे होता तिथेच, शेवटच्या टोकाला. आता वादकाने आवाज किंचित कमी करण्यासाठी त्याला नुसते बोट लावले. नॉबने प्रामाणिकपणे कळवले : १२६. आणि ४० वर असलेला आवाज एका क्षणात १२६ वर गेला. घरात हेडफोन लावून बसलेल्याचे कान दुखतील. मंडपात मात्र दोन्ही बाजूंना रचलेले भोंगे किंचाळतील आणि गायकाचा सूर तुटेल.

वीज जाऊन परत आल्यावरही हेच होते. संगणक जतन केलेल्या मूल्यांनिशी उठतो आणि अडणारे नॉब मात्र ज्याने सोडले त्याने सोडले तिथेच असतात. ग्रामीण भागातील प्रयोगात हा प्रसंग दुर्मीळ म्हणता येणार नाही.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि तो सुरुवातीपासून चालू नसणे हेच बहुतेकांना नडते. एबलटनमध्ये त्याला टेकओव्हर मोड म्हणतात आणि त्याचे तीन पर्याय आहेत. ‘नन’ ठेवले तर वर सांगितलेली उडी बसते. ‘पिकअप’ ठेवले तर नॉब फिरत फिरत सॉफ्टवेअरच्या मूल्यापर्यंत पोहोचेपर्यंत काहीच घडत नाही. तिथे पोहोचला की तो सूत्रे हाती घेतो. ‘व्हॅल्यू स्केलिंग’ यात दोन्ही मूल्ये हळूहळू एकमेकांकडे सरकतात. एफएल स्टुडिओच्या मिडी सेटिंग्जमध्येही पिकअपची चौकट आहे, तर रीपरमध्ये लर्नच्या खिडकीत ‘सॉफ्ट टेकओव्हर’. प्रत्यक्ष प्रयोगासाठी पिकअप सर्वांत सुरक्षित. त्याची एक किंमत आहे : नॉब फिरवूनही काही होत नाही, तेव्हा नवखा वादक गोंधळतो आणि पेटी बंद पडली असे समजून वायर उपटतो.

एन्कोडर ही अडचण मुळातच टाळतो, कारण तो ‘मी कुठे आहे’ हे सांगतच नाही. ‘एक पाऊल पुढे’, ‘एक पाऊल मागे’ एवढेच तो कळवतो. मूल्य सॉफ्टवेअरकडेच राहते. मात्र हे ‘पुढे-मागे’ सांगण्याच्याही निरनिराळ्या रूढी आहेत. एका रूढीत १ म्हणजे पुढे आणि १२७ म्हणजे मागे. दुसरीत ६५ पुढे आणि ६३ मागे. तिसरीत १ पुढे आणि ६५ मागे. पेटी एका रूढीने बोलते आणि सॉफ्टवेअर दुसरीने ऐकते, तेव्हा नॉब डावीकडे फिरवला तरी आवाज शिगेला जातो किंवा मूल्य वेड्यासारखे हेलकावे खाते. रीपरमध्ये या रूढी ‘रिलेटिव्ह १, २, ३’ अशा दिलेल्या आहेत. एकेक निवडून पाहावी, योग्य ती लगेच कळते. दिव्यांच्या कड्याने खरे मूल्य दाखवावे असे वाटत असेल, तर सॉफ्टवेअरला पेटीकडे उलट निरोप पाठवायची परवानगीही द्यावी लागते. एबलटनमध्ये ती आउटपुटच्या बाजूच्या रिमोट चौकटीत मिळते. अनेकजण इनपुटची चौकट चालू करून थांबतात आणि दिवे का लागत नाहीत म्हणून विचारत बसतात.

क्रमांकांचे गुण-दोष

नॉबला कारखान्यातून मिळालेला क्रमांक निरुपद्रवी असतोच असे नाही. मिडीच्या बोलीत काही क्रमांकांना पूर्वीपासून अर्थ ठरलेले आहेत. १ म्हणजे स्वराला कंप देणारे चाक, ७ म्हणजे आवाज, १० म्हणजे डावे-उजवे, ११ म्हणजे एक्सप्रेशन. ऑर्गनवादकाचा गुडघा जे काम करीत असे ते हे अकरा क्रमांकाचे. ६४ म्हणजे पियानोचे पायाने दाबायचे पेडल. चुकून एखाद्या नॉबला ६४ क्रमांक मिळाला आणि तो अर्ध्याच्या वर फिरला, की वाद्याला पेडल दाबल्याचा भास होतो. स्वर सुटूनही वाजत राहतात आणि बिघाड कुठे आहे ते सापडता सापडत नाही. १२० पासून पुढचे क्रमांक तर त्याहून घातक. १२३ म्हणजे सर्व स्वर थांबवा.

यासाठी नॉबना २० ते ३१ किंवा १०२ ते ११९ या दरम्यानचे क्रमांक द्यावेत. या क्रमांकांना बोलीत कोणताही अर्थ नेमून दिलेला नाही. बहुतेक कंपन्या पेटीसोबत क्रमांक बदलण्याचे छोटे सॉफ्टवेअर देतात. सोबत कीबोर्ड जोडलेला असेल तर पेटीची वाहिनी निराळी ठेवावी. एकूण वाहिन्या १६ आहेत, कंजूषपणा करण्याचे कारण नाही.

काय जोडावे, काय जोडू नये

चोवीस नॉब हाताशी आले की चोवीस गोष्टी जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. दुसऱ्या दिवशी कोणत्या नॉबला काय दिले होते हे आठवत नाही, आणि मग वादक पुन्हा माउसकडे वळतो. एखाद्या दंडारीचे किंवा झाडीपट्टीतील पदाचे मुद्रण मिसळायचे असेल, तर आठ नॉब भरपूर होतात. गायकाच्या आवाजाचा घुमारा, त्याचाच प्रतिध्वनी, ऑर्गनचे एक्सप्रेशन, ऑर्गनची धार, ढोलकाचा खर्ज, टाळांची तीव्रता, कोरसचा पसारा आणि शेवटचा नॉब मोकळा. टाळांचा नॉब यात सर्वाधिक वापरला जाईल, कारण एका मायक्रोफोनवर घेतलेल्या मुद्रणात टाळ बाकीच्यांना खाऊन टाकतो. आवाजाच्या मुख्य पातळ्या, फेडर असतील तर त्यांवर ठेवाव्यात. एकूण आवाजाची अंतिम पातळी मात्र नॉबला अजिबात देऊ नये.

एबलटनच्या रॅकमध्ये एका नॉबवर अनेक गोष्टी बांधण्याची ‘मॅक्रो’ ही सोय आहे. पूर्वी असे आठ मॅक्रो मिळत. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून ते सोळापर्यंत वाढवता येतात. घुमारा वाढताना आवाज थोडा मागे जावा आणि धार बोथट व्हावी, असे तीन बदल एकाच नॉबने घडवता येतात. गायक दूर देवळात जाऊन गातो आहे असा आभास एका बोटाने साधतो. प्रत्येक बदलाला किमान आणि कमाल मर्यादा घालता येते. ती घालावीच, म्हणजे १२८ पायऱ्या उपयोगाच्या टापूतच वाटल्या जातात आणि मघाशी सांगितलेला जिनाही ऐकू येत नाही.

नॉबच्या हालचाली संगणकात नोंदवूनही ठेवता येतात. याला ऑटोमेशन म्हणतात. गाणे वाजत असताना नॉब फिरवला की तो केव्हा, किती फिरला हे सॉफ्टवेअर रेषेच्या रूपात लिहून घेते आणि पुढच्या वेळी स्वतःच फिरवते. इथे अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘टच’ आणि ‘लॅच’ असे दोन प्रकार असतात. टच प्रकारात बोट सुटले की मूल्य पूर्वीच्या जागी परतते. पण साध्या नॉबवरून बोट उचलले गेले हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच नसतो, त्याला फक्त आकडे कळतात. त्यामुळे स्वस्त पेट्यांसाठी लॅच बरा. त्यात शेवटचे मूल्य गाणे थांबेपर्यंत टिकते.

सर्व मनाजोगते जुळल्यावर ती मांडणी टेम्पलेट म्हणून जतन करावी, कारण अनेक सॉफ्टवेअरमध्ये नॉबच्या गाठी त्या त्या गाण्याच्या फाइलमध्येच राहतात आणि नवे गाणे उघडले की पाटी कोरी होते. पेटीतील क्रमांकांची प्रतही पेनड्राइव्हवर असावी. प्रत्येक नॉबखाली कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलने नाव लिहावे. मंडपाच्या अर्धवट उजेडात पडद्यापेक्षा ती लवकर वाचता येते. आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्यापूर्वी ऍम्प्लिफायरचा आवाज पूर्ण बंद ठेवून प्रत्येक नॉब एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्यावा, मग पहिल्या पदासाठी हव्या त्या जागी आणून ठेवावा, आणि त्यानंतरच भोंगे चालू करावेत.